लोकमान्यांची ध्रुवीय पहाट

लोकमान्य टिळकांच्या ग्रंथांपैकीं 'गीतारहस्य' घरोघरीं असतें व पुष्कळ ठिकाणीं वाचलेंहि जातें. 'ओरायन'चें नांव ज्योतिषाची गोडी असलेले लोक आदरानें घेतात. परंतु १९०३ सालीं पुण्यास प्रसिद्ध झालेल्या 'दि आर्क्टिक होम इन् दि वेदाज्' ह्या ग्रंथाच्या नशिबीं निराळाच प्रकार आला आहे. त्याचा निष्कर्ष सर्वांस ठाऊक, पुस्तक मात्र फारसें कोणी उघडलेलें नाहीं. आर्यांचें मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ होतें, एवढें एक वाक्य शाळेच्या स्नेहसंमेलनापासून पुण्यतिथीच्या व्याख्यानापर्यंत सर्वत्र ऐकूं येतें. तें ऐकून कोणी छाती फुगवितो, कोणी गालांतल्या गालांत हंसतो, आणि दोघांपैकीं कोणासहि मूळ पानें चाळण्याची गरज वाटत नाहीं. ग्रंथकर्त्याच्या योग्यतेस हा मान शोभणारा नाहीं. ज्या ग्रंथांत प्रत्येक विधानास पुरावा देण्याची एवढी खटपट केलेली आहे, त्याचें ऋण पुरावा तपासूनच फेडलें पाहिजे. म्हणून तो येथें तपासावयाचा आहे.

ग्रंथाचा जन्म कसा झाला तें लोकमान्यांनींच प्रस्तावनेंत सांगितलें आहे. १८९३ सालीं 'ओरायन' निघाला; त्यांत वसंतसंपात मृगशीर्षांत होता त्या काळापर्यंत वेदांचा काल मागें नेलेला होता. पुढें १८९७ च्या सप्टेंबरांत राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्यांस शिक्षा झाली. कारागृहांत असतांना मॅक्समुल्लरसाहेबांनीं आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांस पाठविली, आणि रात्रीं कांहीं वेळ दिवा लावून ती वाचण्याची सवलत त्यांस मिळाली. १८९८ च्या सप्टेंबरांत सुटका झाल्यावर त्या वर्षाच्या अखेरीस ह्या ग्रंथाचा पहिला खर्डा तयार झाला. दीर्घ रात्रीविषयींच्या ग्रंथाची सामग्री अशा रात्रींच्या वाचनांतून जमली, हा योगायोग कोणासहि चटका लावील. परंतु त्यावरून ग्रंथाची किंमत ठरवितां येत नाहीं, आणि लोकमान्यांनीं स्वतः ती तशी ठरवूं दिली नसती.

सर्व वाद एका रेषेवर उभा आहे, म्हणून प्रथम त्या रेषेविषयीं. विषुववृत्तापासून उत्तरेस सुमारे ६६ अंश ३४ कला अंतरावर जें अक्षवृत्त काढतात, तें उत्तर ध्रुववृत्त. पृथ्वीचा आंस २३ अंश २६ कला कललेला आहे; नव्वदांतून तेवढे वजा केले म्हणजे ही रेषा येते. ह्या वृत्ताच्या उत्तरेस वर्षांतून निदान एक दिवस सूर्य मावळत नाहीं व निदान एक दिवस उगवत नाहीं. जसजसें वर जावें तसतसे हे दिवस वाढतात, आणि प्रत्यक्ष ध्रुवबिंदूवर सहा महिन्यांचा एक दिवस व सहा महिन्यांची एक रात्र होते. दक्षिणेकडेहि असेंच, मात्र ऋतु उलटे. ही रेषा स्थिर आहे असें समजूं नये. आंसाचा कल सध्यां कमी होत असल्यामुळें ती दरवर्षीं चौदा-पंधरा मीटर उत्तरेकडे सरकत आहे. लोकमान्यांनीं आर्यांच्या ध्रुवीय वसतिस्थानाचा अंत ज्या काळीं मानला आहे, त्या ख्रिस्तपूर्व आठ-दहा हजार वर्षांच्या सुमारास ती आजच्यापेक्षां सुमारे पाऊण अंश दक्षिणेस होती.

आपल्याकडील वाचकास ह्या गोष्टींची नुसती कल्पनाच करावी लागते. वर्धा जिल्ह्यांतील सेलूचा अक्षांश २० अंश ५० कलांच्या आसपास आहे. तेथें वर्षांतील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २४ मिनिटांचा व सर्वांत लहान १० तास ५२ मिनिटांचा. सगळा फरक अडीच तासांचा. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत व पुन्हां जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सांवली त्याच्या पायांतच नाहींशी होते. पहिला उजेड फुटल्यापासून सूर्यबिंब दिसेपर्यंत सव्वा तास, फार तर दीड तास. जेथें पहाट म्हणजे सडासंमार्जन होऊन चहाचें आधण येईपर्यंतचा अवकाश, तेथल्या माणसास महिनाभराची पहाट म्हणजे काय हें सांगून समजणें कठीण आहे. लोकमान्यांच्या ग्रंथाची पहिली थोरवी ही कीं, त्यांनीं तें समजावून सांगितलें. १९०३ सालीं ध्रुवबिंदु कोणींच पाहिलेला नव्हता. नान्सेन १८९५ सालीं ८६ अंशांपलीकडे जाऊन परतला होता. पीअरीचा दावा १९०९ चा, आणि अमुंडसेनचें विमान-जहाज ध्रुवावरून गेलें तें १९२६ सालीं. अशा स्थितींत पुण्यास बसून ध्रुवावरच्या आकाशाचें जें वर्णन तिसऱ्या प्रकरणांत आलें आहे, तें आजहि एखाद्या चांगल्या शालेय पुस्तकांत जसेंच्या तसें घालतां येईल.

पद्धतीचा विचार करतां हें तिसरें प्रकरण म्हणजे ग्रंथाचा कणा आहे. वकील साक्षीदार बोलावण्यापूर्वीं मुद्दे निश्चित करून घेतो, तसें लोकमान्य प्रथम दोन याद्या करतात. एक प्रत्यक्ष ध्रुवबिंदूच्या लक्षणांची: सूर्य दक्षिणेस उगवतो, तारे उगवत-मावळत नाहींत तर क्षितिजास समांतर फिरतात, वर्ष म्हणजे एक दिवस व एक रात्र, आणि पहाट एकच परंतु फार लांबलेली, क्षितिजाभोंवतीं फेर धरणारी. दुसरी यादी ध्रुवबिंदु व ध्रुववृत्त ह्यांमधील प्रदेशाची: तेथें वर्षाचे तीन भाग पडतात, एक दीर्घ दिवस, एक दीर्घ रात्र, आणि त्यांच्या दरम्यान आपल्यासारख्या दिवसरात्रींची मालिका. ह्या खुणा इतर कोठेंहि आढळणार नाहींत. तेव्हां त्या वेदांत आढळल्या तर त्या तेथूनच आलेल्या असल्या पाहिजेत, असा हा युक्तिवाद. बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वॉरन ह्यांनीं १८८५ सालीं मानवजातीचें आदिस्थान ध्रुवावर ठेवणारा ग्रंथ लिहिला होता व लोकमान्यांनीं त्याचें ऋण मान्य केलें आहे. पण वॉरनच्या ग्रंथांत जी भाविक भरारी आहे ती येथें नाहीं. येथें सर्व कारभार रोखठोक.

आतां साक्षीदार. त्यांत पांचवें प्रकरण, उषःसूक्तांचें, सर्वांत सरस उतरलें आहे. वेदांत उषा एकवचनीं येते तशी अनेकवचनींहि येते. सातव्या मंडळांतील शहात्तराव्या सूक्तांत सूर्योदयापूर्वीं पुष्कळ दिवस होऊन गेले अशा अर्थाचें वचन आहे. तैत्तिरीय संहितेच्या चौथ्या कांडांत तर तीस उषा बहिणीबहिणींप्रमाणें एकाच ध्वजाखालीं फेर घेतात. सायणाचार्यांस अशा ठिकाणीं ओढाताण करावी लागते, आणि पाश्चात्य पंडित अनेकवचन आदरार्थीं मानून पुढें सरकतात. लोकमान्य म्हणतात, शब्दांचा सरळ अर्थ घ्या. एकामागून एक येणाऱ्या तीस पहाटा नव्हेत, तर तीस दिवस पुरणारी एकच अखंड पहाट. हें वाचतांना मन डोलतें हें कबूल केलें पाहिजे. गणितहि प्रथमदर्शनीं अनुकूल आहे. ध्रुवबिंदूवर सूर्य क्षितिजाच्या खालीं बारा अंशांवर आल्यापासून तो उगवेपर्यंत सुमारे तीस दिवस लागतात, आणि अठरा अंशांवर, म्हणजे पहिल्या फिक्या उजेडापासून, मोजल्यास सुमारे पन्नास. बारा अंशांची मर्यादा आजच्या खलाशांच्या व ज्योतिष्यांच्या कामांत रूढ आहे. तैत्तिरीय संहितेंतील तीस व हे तीस जुळलेले पाहून कोणाचाहि विश्वास बसावा.

परंतु येथेंच थांबून एक हिशेब करावयास हवा, आणि तो ग्रंथांत जितका कसोशीनें व्हावयास हवा होता तितका झालेला नाहीं. ध्रुवबिंदु सोडून आपण दक्षिणेस सरकलों कीं सूर्य चोवीस तासांत समान उंचीवर राहत नाहीं. जितके अंश आपण ध्रुवापासून दूर, तितके अंश तो मध्यान्हीं वर येतो व मध्यरात्रीं खालीं जातो. पहाट अखंड राहावयाची तर मध्यरात्रीं सूर्य अठरा अंशांहून खालीं जातां कामा नये, आणि मध्यान्हीं तो क्षितिजावर येतां कामा नये. हीं दोन बंधनें घेऊन गणित केलें म्हणजे असें निघतें कीं, ८१ अंशांच्या दक्षिणेस अखंड पहाट मुळीं होतच नाहीं. तेथें दीर्घ रात्रीच्या शेवटीं जें होतें तें निराळें: दररोज दुपारच्या सुमारास दक्षिणेस उजेड फुटतो, थोडा वेळ टिकतो, आणि पुन्हां काळोख पडतो, असें होतां होतां एके दिवशीं सूर्याची कड दिसते. अखंड पहाट तीस दिवस टिकावयाची असेल तर आपणांस निदान ८६-८७ अंशांपर्यंत वर जावें लागतें. पृथ्वीवरील सर्वांत उत्तरेकडील जमीन ग्रीनलंडच्या टोंकाशीं असलेलीं लहान बेटें, तीं ८४ अंशांच्याहि आंतच. तेथें अखंड पहाट फार तर दोन आठवड्यांची. आणि सैबेरियाचा किनारा, जेथें माणसांची वस्ती कल्पितां येते, तो बहुतेक ७० ते ७७ अंशांच्या दरम्यान. ध्रुवाभोंवतीं जमीन नाहीं, खोल समुद्र आहे. नान्सेनच्या 'फ्राम' जहाजानें १८९३ ते १८९६ ह्या सफरींत त्याची खोली मोजलीच होती. म्हणजे तीस दिवसांच्या पहाटेचा साक्षीदार आपणांस जेथें नेऊन उभा करतो, तेथें पाय ठेवावयास बर्फाच्या तरंगत्या थराखेरीज कांहीं नाहीं.

दुसरी अडचण आंकड्यांची. नवग्व व दशग्व ह्या ऋषींचीं सत्रें नऊ-दहा महिन्यांत संपत, गवामयन सत्राचाहि दहा महिन्यांचा एक प्रकार होता. लोकमान्य म्हणतात, दहा महिने सूर्य दिसे, दोन महिने रात्र. दीर्घतमा दहाव्या युगांत वृद्ध झाला. युग म्हणजे महिना. अदितीचे सात पुत्र जगले व आठवा मार्तंड टाकला गेला. म्हणजे सात महिने सूर्यप्रकाश. इंद्राच्या शंभर रात्री; म्हणजे शंभर दिवसांची दीर्घ रात्र. ह्यांतील प्रत्येक आंकड्यास एक अक्षांश आहे. दोन महिन्यांची रात्र ७० अंशांच्या थोडी वर होते. शंभर दिवसांची ७६ च्या जवळपास. पांच महिन्यांची ८४ च्या सुमारास. तीस दिवसांची पहाट ८७ वर. एकाच समाजाचें घर सतरा अंशांत पसरलेलें मानावें लागतें. लोकमान्यांनीं ह्याचें उत्तर दिलें आहे कीं, त्या विस्तृत प्रदेशांत निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळा अनुभव येणारच. उत्तर चूक नाहीं. पण त्यामुळें सिद्धान्ताची धार जाते. सहापासून बारापर्यंत कोणताहि आंकडा वेदांत सांपडला असता तरी त्याला योग्य असा एखादा अक्षांश निघालाच असता. जो सिद्धान्त कोणत्याहि आंकड्यानें खोटा ठरूं शकत नाहीं, त्याला आंकड्यांचें पाठबळ आहे असें म्हणतां येत नाहीं.

ह्यासंबंधांत एक गोष्ट आठवते. सेलूजवळच केळझर आहे. महाभारतांतील एकचक्रानगरी ती हीच, बकासुर येथेंच मारला गेला, अशी तिकडची समजूत आहे. ही समजूत असलेलें गांव हिंदुस्थानांत एकच आहे असें नाहीं, आणि प्रत्येक ठिकाणचे लोक टेकडी, तळें, गुहा अशा खुणा दाखवितात. त्या खुणा खोट्या नसतात. कथेंत टेकडी आहे आणि गांवाजवळ टेकडी आहे, एवढेंच त्यांनीं सिद्ध होतें. लोकमान्यांच्या विद्वत्तेची ह्या स्थानिक कथांशीं बरोबरी करावयाची नाहीं. पण काव्यावरून नकाशा काढण्याच्या प्रयत्नांत मोठ्या व लहान माणसांस एकच मोह पडतो, हें लक्षांत ठेवलेलें बरें.

काव्य म्हणून वेद वाचणाऱ्यास सहाव्या प्रकरणाविषयीं जास्त बोलावेंसें वाटतें. रात्रीचें पलीकडचें टोंक गांठतां यावें, ती सुखानें ओलांडतां यावी, अशा प्रार्थना वेदांत आहेत. लोकमान्य विचारतात, दहा-बारा तासांची रात्र संपेल कीं नाहीं अशी धास्ती कोणास पडेल? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु दहाव्या मंडळांतील ज्या रात्रिसूक्तांत ही प्रार्थना आहे, त्याच ऋचेंत लांडगा व चोर ह्यांना दूर ठेवण्याची विनवणी केलेली आहे. कवीला कशाची भीति होती हें त्यानेंच सांगितलें असतां आपण ध्रुवापर्यंत कां जावें? सेलूच्या बाजूनें हिंगणीकडे गेलें कीं बोरचें जंगल लागतें. तेथें आज व्याघ्रप्रकल्प आहे. जंगलालगतच्या गांवांत वीज येण्यापूर्वीं ज्यांनीं रात्री काढल्या, त्यांना हें सूक्त समजावून सांगण्यास दीर्घ रात्रीच्या उपपत्तीची गरज पडणार नाहीं. रात्र घड्याळानें लांब असते तशी भयानेंहि लांब असते, हा अनुभव कवीचा आहे, आणि लोकमान्यांच्या तर्ककठोर बुद्धीनें येथें कवीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करून फक्त हो कीं नाहीं एवढेंच विचारलें. उषःसूक्तांचें प्रकरण सोडल्यास हा दोष सर्वत्र जाणवतो. नवव्या प्रकरणांत वृत्रानें कोंडलेल्या जलांची कथा येते तेथें तर पाऊस, नद्या, पूर, ज्यांचा विचार आपल्या हवामानांत प्रथम सुचावा, ते सर्व बाजूस सारून आकाशांतून फिरणाऱ्या दिव्य जलांची व पुन्हां दीर्घ रात्रीचीच योजना होते. विदर्भांतला शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्यांत आकाशाकडे ज्या नजरेनें बघतो, ती नजर इंद्रसूक्तांच्या कर्त्यांस अपरिचित होती असें मानणें जड जातें.

चौथ्या प्रकरणांतील 'देवांची रात्र' हा मुद्दा सामान्य वाचकास सर्वांत पटतो. मनुष्यांचें एक वर्ष तो देवांचा एक दिवस, ही कल्पना तैत्तिरीय ब्राह्मणांत आहे, मनुस्मृतींत आहे, मेरूच्या वर्णनांत महाभारतांत आहे, आणि सूर्यसिद्धान्तांत तर ती शुद्ध भूगोल म्हणून सांगितलेली आहे. सूर्यसिद्धान्तकारास ती गणितानें काढतां आली असेल, पण ब्राह्मणकालीं एवढें गणित कोठें होतें. तेव्हां ती स्मृति असली पाहिजे, असें लोकमान्यांचें म्हणणें. ह्यावर मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांतच उत्तर सांपडेल. देवांच्या दिवसाच्या श्लोकाला लागूनच, त्याच्या आधीं, पितरांच्या दिवसाचा श्लोक आहे: मनुष्यांचा एक महिना तो पितरांचा एक अहोरात्र, कृष्णपक्ष दिवस व शुक्लपक्ष रात्र. महिन्याचा एक दिवस होईल असें ठिकाण पृथ्वीवर कोठेंहि नाहीं. तें चंद्रावर आहे. आपले पूर्वज चंद्रावर राहत होते असें कोणी म्हणत नाहीं. मग महिन्यावरून पितरांचा दिवस ज्यांनीं कल्पिला, त्यांनींच दोन अयनें पाहून वर्षावरून देवांचा दिवस कल्पिला असेल, ह्यांत अशक्य तें काय? केवळ बुद्धीच्या बळावर माणूस कोठवर पोंचतो ह्याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त भास्कराचार्यांनीं ६६ अंशांपलीकडील प्रदेशांत सूर्य किती काळ मावळत नाहीं ह्याचा नियम दिला आहे. त्यांनीं क्रांति २४ अंश धरली म्हणून सीमा बरोबर ६६ वर आली. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेथले विद्यार्थी सह्याद्रीच्या पायथ्याशीं बसून ध्रुवावरील सहा महिन्यांच्या दिवसाचें गणित शिकत असतील, आणि त्यांतल्या कोणीं बर्फ पाहिलें असेल असें वाटत नाहीं.

भूगर्भशास्त्राच्या बाबतींत काळानें ग्रंथावर विचित्र सूड उगविला आहे. क्रोलच्या गणिताप्रमाणें शेवटचें हिमयुग ऐंशी हजार वर्षांपूर्वीं संपलेलें होतें. लोकमान्यांनीं तें न मानतां अमेरिकन भूगर्भवेत्त्यांचा पक्ष घेतला व हिमयुगाचा शेवट दहा-बारा हजार वर्षांइतका अलीकडे आणला. ही निवड अचूक ठरली; आजचें शास्त्र तो शेवट सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीं धरतें. परंतु त्या काळीं ध्रुवप्रदेशांत काय घडलें ह्याचें चित्र नेमकें उलटें निघालें. ग्रंथांतील कल्पनेप्रमाणें हिमयुगापूर्वीं ध्रुवप्रदेश वसंतासारखा सुखद होता, आणि ख्रिस्तपूर्व दहा ते आठ हजार वर्षांच्या दरम्यान बर्फ पसरून आर्यांचें घर बुडालें. प्रत्यक्षांत बर्फाचा कळस सुमारे वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वींचा; ख्रिस्तपूर्व दहा ते आठ हजार ह्या काळांत बर्फ एकंदरींत वितळत व मागें हटत होतें. त्यापूर्वींचा उबदार काळ शोधावयाचा तर सव्वा लाख वर्षें मागें जावें लागतें, आणि तेथपर्यंत कोणतीहि भाषा, कोणतीहि स्मृति पोंचत नाहीं. हा आघात सिद्धान्ताच्या वर्मीं बसणारा आहे. उषःसूक्तांचा अर्थ कसाहि लावला तरी तो चुकत नाहीं. माणूस त्या प्रदेशांत राहूं शकत नव्हता असें मात्र नव्हे. सैबेरियांत याना नदीच्या कांठीं, ध्रुववृत्ताच्या बऱ्याच वर, सुमारे बत्तीस हजार वर्षांपूर्वींच्या शिकाऱ्यांच्या वस्तीचे अवशेष निघाले आहेत. ते कडाक्याच्या थंडींत राहत होते, वसंतांत नव्हे. आणि त्यांचा ऋग्वेदाशीं संबंध जोडण्यास आज कांहींहि आधार नाहीं.

एक साक्षीदार मात्र उलटतपासणींतहि सहज ढळत नाहीं, तो म्हणजे अवेस्ता. वेन्दिदादांत आर्यांच्या मूळ भूमींत दहा महिने हिंवाळा व दोन महिने उन्हाळा असल्याचें वर्णन आहे, आणि यिमानें बांधलेल्या वारांत वर्ष हें एका दिवसासारखें वाटे असेंहि म्हटलें आहे. वार ही बंदिस्त, स्वतःचे दिवे असलेली अद्भुत जागा आहे, तेव्हां तेथील दिवसाचा भूगोलाशीं संबंध नाहीं, असें म्हणतां येईल. परंतु थंडीचें वर्णन त्यानें उडत नाहीं. इंडो-इराणी लोकांच्या पूर्वजांचा माग आज बहुतेक संशोधक काळ्या समुद्रापासून उरल पर्वतापर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानांत काढतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासांनीं त्या मतास बळकटी आणली आहे, जरी राखीगढीच्या उत्खननावरून निघालेल्या निष्कर्षांविषयीं आपल्याकडे वाद चालूच आहे. उरलच्या दक्षिणेस, ५२-५३ अंशांवर, ख्रिस्तपूर्व दोन हजारांच्या सुमाराचीं जीं तटबंदीचीं गांवें सांपडलीं, त्यांच्यावरून आकाश कसें दिसे हें पाहण्यासारखें आहे. तेथें उन्हाळ्यांत दिवस पावणेसतरा तासांचा, आणि जूनमध्यें रात्रभर उत्तर क्षितिजावरचा उजेड पुरता मावळतच नाहीं. पश्चिमेचा संधिप्रकाश सरकत सरकत पूर्वेची पहाट होतो. हिंवाळा तर लांब व कडक असणारच. अशा देशांतून आलेल्या, किंवा त्याहून उत्तरेकडील शिकाऱ्यांशीं देवघेव असलेल्या लोकांच्या कथांत लांबलेल्या पहाटेचा व वर्षभराच्या दिवसाचा अंश उरणें स्वाभाविक वाटतें. हा केवळ तर्क आहे. परंतु तो मान्य झाला तर लोकमान्यांनीं दिशा बरोबर ओळखली, अंतर फार धरलें, असें म्हणावें लागेल.

मराठींत ह्या ग्रंथावर झालेला विचार बहुधा दोन टोंकांचा आहे. नारायण भवानराव पावगी ह्यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत आर्यांचें मूळ सप्तसिंधूंत ठेवून ध्रुवाकडे त्यांच्या वसाहती पाठविल्या. लोकमान्यांचा पुरावाहि राहिला व स्वदेशहि राहिला. ही तडजोड आजहि अनेकांस आवडते, परंतु तिच्यांत लोकमान्यांच्या धैर्याचा लवलेश नाहीं. आपल्या लोकांचें मूळ ह्या देशाबाहेर आहे असें म्हणणारा मनुष्य त्याच वेळीं ह्या देशाचा सर्वांत प्रखर राजकीय पुढारी होता, आणि आपल्या राजकारणास हें म्हणणें सोईचें पडेल कीं नाहीं हा प्रश्न त्यानें ग्रंथांत कोठेंहि मनांत आणलेला दिसत नाहीं. ज्यांना हा ग्रंथ केवळ अभिमानासाठीं हवा असतो त्यांच्या ध्यानांत ही गोष्ट येत नाहीं. आणि जे त्याला हंसतात, त्यांच्याहि येत नाहीं.

आतां तर आपलीच माणसें त्या रेषेपलीकडे राहूं लागलीं आहेत. गोव्यांत वास्को येथें असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातर्फे स्वालबार्ड बेटावर २००८ सालीं 'हिमाद्रि' हें ठाणें सुरू झालें. त्याचा अक्षांश जवळजवळ ७९. तेथें सूर्य ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाहीं, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून त्या काळोखांतहि आपले संशोधक तेथें राहूं लागले आहेत. दक्षिणेकडे 'मैत्री' ठाण्यावर तर १९८९ पासून दरसाल सुमारे दोन महिन्यांची रात्र काढली जात आहे. 'हिमाद्रि' ८१ अंशांच्या दक्षिणेस असल्यामुळें तीस बहिणींचा अखंड फेर तेथें दिसावयाचा नाहीं. दिसेल ती दुपारीं दक्षिणेस उमलून विझणारी, दररोज थोडी अधिक टिकणारी पहाट. ह्या ग्रंथाची टीपांसह नवी मराठी आवृत्ति कोणी काढणार असेल तर त्यानें दोन गोष्टी कराव्या. पांचव्या प्रकरणास अक्षांशवार पहाटेच्या लांबीचें एक कोष्टक जोडावें, आणि उत्तर वा दक्षिण ध्रुवप्रदेशांत हिंवाळा काढून आलेल्या एखाद्या मराठी संशोधकाकडून, शक्य तर त्याच्या रोजनिशीवरून, रात्र संपत आलेल्या त्या आठवड्यांचें साधें वर्णन लिहवून घेऊन तें सायणाचार्यांच्या व लोकमान्यांच्या अर्थांशेजारीं छापावें.